वाढत्या घराचा वास्तुकार

दोशी हे आडनाव आपल्या समाजाला परके नाही. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांचे आडनाव तेच, आणि कापडाच्या व्यापाराशी या शब्दाचे नाते फार जुने आहे. त्यामुळे २०१८ साली वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी यांना जाहीर झाला, तेव्हा हे गृहस्थ आपल्यापैकीच कोणी असावेत असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. वस्तुतः त्यांचे घराणे गुजराती वैष्णव, आणि व्यवसाय कापडाचा नव्हे तर लाकडी सामानाचा. परंतु त्यांच्या कर्तृत्वाची सुरुवात ज्या शहरात झाली त्या अहमदाबादेत त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्यांमध्ये जैन श्रेष्ठींची नावे ठळक आहेत. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. पुरस्कारापेक्षाही अधिक मोलाची गोष्ट अशी, की घर म्हणजे काय आणि ते पुरे कधी होते, या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी जवळजवळ सत्तर वर्षे केला.

बाळकृष्ण यांचा जन्म २६ ऑगस्ट १९२७ रोजी पुण्यात झाला. वर्षही भरले नव्हते तोच आईचे छत्र हरपले. आजोबा, काका, आत्या अशा मोठ्या एकत्र कुटुंबात हे मूल वाढले. अकराव्या वर्षी आगीच्या अपघातात पायाला इजा झाली आणि चालीत किंचित लंगडेपणा राहिला तो कायमचा. आजोबांचा लाकडी सामानाचा कारखाना होता. रंध्याखालून निघणारा भुसा, सांध्यात बसणारी खुंटी, पॉलिशचा वास हे सारे त्या मुलाने जवळून पाहिले. त्याहून खोल ठसा उमटला तो घराचा. कुटुंब वाढे तसे ते घर वाढे. कोणाचे लग्न ठरले की एक खोली निघे, कोणी वडीलधारे थकले की त्यांची सोय खाली होई, गच्चीचा भाग कधी बंदिस्त होई, माडीवर माडी चढे. आपल्या वाचकांपैकी ज्यांचे बालपण गावातल्या वाड्यात किंवा पेढीमागच्या घरात गेले असेल त्यांना हे वेगळे सांगावयास नको. असे घर कोणा वास्तुकाराच्या आराखड्यातून उतरत नाही. ते माणसांच्या गरजेतून, थोडे थोडे करून घडते. पुढे जगातील मोठमोठ्या गुरूंकडे शिकूनही दोशींनी हे घर मनातून पुसू दिले नाही.

१९४७ साली ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत वास्तुकलेच्या अभ्यासक्रमास दाखल झाले. तो अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वीच, १९५० मध्ये, त्यांनी लंडन गाठले. पुढल्या वर्षी लंडनजवळच्या हॉडस्डन गावी आधुनिक वास्तुकारांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे फ्रान्समधील विख्यात वास्तुकार ल कॉर्बुझिए यांच्या चंदीगड प्रकल्पाची चर्चा त्यांनी ऐकली आणि त्यांच्या कार्यालयात काम मिळावे म्हणून खटपट सुरू केली. अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून पाठवा, असे उत्तर आले. अर्ज मान्य झाला, पण अट अशी की पहिले आठ महिने वेतन नाही. फ्रेंच येत नाही, आहार शाकाहारी, खिशात पैसा बेताचा, अशा स्थितीत या तरुणाने पॅरिसमध्ये दिवस काढले. आपल्याकडे पेढीवर बसणारा घरचा मुलगाही पहिली काही वर्षे पगार न घेताच शिकतो. फरक एवढाच की त्याला रात्री घरचे जेवण मिळते.

१९५४ मध्ये ते भारतात परतले ते कॉर्बुझिए यांच्या अहमदाबादमधील कामांवर देखरेख करण्यासाठी. त्या काळचे अहमदाबाद हे एक विलक्षण शहर होते. गिरण्यांचा पैसा होता, आणि तो पैसा कोठे लावावा याची दृष्टीही होती. कस्तुरभाई लालभाई, साराभाई कुटुंब, सुरोत्तम हठीसिंग ही सर्व मंडळी जैन श्रेष्ठी परंपरेतली. ज्या कस्तुरभाईंनी आणंदजी कल्याणजी पेढीच्या माध्यमातून राणकपूर आणि देलवाडा येथील प्राचीन मंदिरांचा जीर्णोद्धार कसोशीने करवून घेतला, त्याच कस्तुरभाईंच्या पुढाकाराने शहरात संशोधन आणि शिक्षणाच्या आधुनिक संस्था उभ्या राहिल्या. जुने जपणे आणि नव्याला दार उघडणे या दोन गोष्टी त्या पिढीला परस्परविरोधी वाटत नव्हत्या. गिरणीमालक संघाने आपल्या इमारतीचे काम थेट कॉर्बुझिए यांना दिले. साबरमतीच्या काठी उभी असलेली ती वास्तू आजही पाहावी अशी आहे. पश्चिमेचे ऊन अडवण्यासाठी काँक्रीटच्या तिरक्या फळ्यांचा पडदा, आणि नदीवरून येणारा वारा आरपार जाईल अशी मोकळी रचना. कागदावरची रेघ कॉर्बुझिए यांची. परंतु उन्हात उभे राहून, गवंड्याशी बोलून ती रेघ काँक्रीटमध्ये उतरवण्याची जबाबदारी दोशींची. १९५५ मध्ये कमला परीख यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९५६ मध्ये त्यांनी ‘वास्तुशिल्प’ या नावाने स्वतःचे कार्यालय सुरू केले.

त्यानंतर लवकरच एक प्रसंग घडला, ज्यावरून माणसाची पारख होते. अहमदाबादेत भारतीय प्रबंध संस्था उभी करावयाचे ठरले. डॉ. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई यांची इच्छा हे काम दोशींकडे सोपवण्याची होती. पस्तिशीच्या आतबाहेरच्या वास्तुकाराला याहून मोठी संधी कोणती? दोशींनी मात्र अमेरिकेतील लुई कान यांना बोलवावे असे सुचवले, आणि स्वतः त्यांचे सहकारी म्हणून काम पत्करले. आज विटांच्या त्या भव्य कमानी कान यांच्या नावाने जगभर ओळखल्या जातात. १९७४ साली अहमदाबादहून परतत असताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावर कान यांचे निधन झाले. राहिलेले काम पुढे नेण्यात मुंबईचे अनंत राजे यांचा वाटा मोठा होता. हातात आलेले मोठे काम आपल्याहून थोर माणसाकडे वळवणे आणि नंतर त्याच्याच हाताखाली उभे राहणे, व्यवहाराच्या वहीत याची नोंद कोणत्या रकान्यात करावी हे सांगणे कठीण आहे. इतके खरे की या निर्णयाने दोशींना दुसरा गुरू मिळाला.

याच सुमारास, १९६२ मध्ये, लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिराची इमारत त्यांनी केली. मुनिश्री पुण्यविजयजी महाराजांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि जतन केलेल्या हजारो हस्तलिखितांना कायमचे घर मिळावे, ही या संस्थेमागची प्रेरणा. ताडपत्र आणि जुना कागद यांचे शत्रू उघड आहेत: उष्णता, दमट हवा, कीड आणि थेट ऊन. आपल्या पूर्वजांनी ज्ञानभांडारे तळघरात ठेवली ती केवळ आक्रमकांच्या भयाने नव्हे. जमिनीखालची हवा बारा महिने जवळपास सारखी राहते हेही त्यांना ठाऊक होते. दोशींनी तोच धागा उचलला. ग्रंथांचा मजला अर्धा जमिनीखाली, त्यावर उंच जोते, आणि सभोवती रुंद सावलीचे व्हरांडे. वातानुकूलनाच्या यंत्रावर सारी भिस्त न ठेवता इमारतीनेच इमारतीला थंड ठेवावे, हा विचार त्यांच्या कामात येथून पुढे सतत दिसतो. अहमदाबादला यात्रेनिमित्त जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हठीसिंगांच्या देरासरानंतर तासभर सवड काढून ही वास्तूही अवश्य पाहावी.

त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादेत वास्तुकलेचे विद्यालय स्थापन केले, आणि पुढे त्याची इमारतही बांधली. ज्याने स्वतःचा अभ्यासक्रम अर्धवट सोडला त्याने विद्यालय काढावे यात विसंगती वाटेल. पण त्या इमारतीत गेल्यावर ती विसंगती राहत नाही. उत्तरेचा शांत उजेड घेणारे उंच वर्ग, खाली मोकळी जागा, आणि दारे-भिंतींचा अट्टहास जवळपास नाहीच. एका वर्गात काय चालले आहे ते दुसऱ्या वर्गातल्या विद्यार्थ्याला येताजाता दिसावे, ही योजना त्यामागे होती. आज ही संस्था ‘सेप्ट’ या नावाने विद्यापीठ झाली आहे.

इथवरची कहाणी श्रीमंत शहराची आणि जाणत्या आश्रयदात्यांची आहे. दोशींचा खरा कस मात्र दुसरीकडे लागला. समाजातील अगदी खालच्या थरातील माणसाला योग्य निवारा मिळवून देण्याचा संकल्प त्यांनी १९५४ मध्येच, म्हणजे गिरणीमालकांच्या इमारतीवर उभे असतानाच, केला होता. संकल्प अनेक जण करतात. त्यानंतर अहमदाबादच्या वस्त्रसंशोधन संस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी कमी खर्चाची घरे, बडोद्याच्या खत कारखान्याची वसाहत, हैदराबादेतील इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाची वसाहत अशी एकेक कामे ते करीत गेले. प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट त्यांच्या लक्षात येत असावी: घर दिले की माणूस त्यात बदल करतोच. गॅलरी बंद होते, अंगणात पत्रा पडतो, खिडकीची कपाट होते. अधिकाऱ्यांच्या लेखी हे अतिक्रमण. दोशींना त्यात पुण्याच्या घराची ओळख पटली.

१९७३ मध्ये आयुर्विमा महामंडळासाठी अहमदाबादेत बांधलेल्या बिमानगर वसाहतीत त्यांनी ही गोष्ट आराखड्यातच धरली. तळमजल्याचे घर मोठे, त्यावरचे त्याहून लहान, सर्वांत वरचे सर्वांत लहान. म्हणजे इमारत पायऱ्यांसारखी मागे सरकत जाते आणि वरच्यांना मोकळी गच्ची मिळते. ज्याचे उत्पन्न कमी त्याने लहान घर घ्यावे, पण पुढे खोली काढण्यास त्याला आकाश मोकळे असावे. निरनिराळ्या उत्पन्नाची कुटुंबे एकाच जिन्याने चढ-उतार करतील, हेही त्यात आले. कालांतराने रहिवाशांनी गच्च्यांवर खोल्या काढल्या, मुलांचे संसार मांडले, आणि इमारतीचे मूळ रूप ओळखू येईनासे झाले. दुसरा एखादा वास्तुकार यावर नाराज झाला असता. आपल्या रचनेला कोणी हात लावू नये असे वाटणाऱ्यांची या व्यवसायात कमतरता नाही. दोशींना मात्र या बदलांचा अभिमान वाटत असे.

यानंतर आले इंदूरजवळचे अरण्य. इंदूर विकास प्राधिकरणाने ऐंशीच्या दशकात शहराच्या मध्यापासून सुमारे सहा किलोमीटरवर ८५ हेक्टरच्या आसपासची जमीन या वसाहतीसाठी ठरवली. उद्देश मुख्यतः अल्प उत्पन्न गटाच्या घरांचा. दोशींनी १९७८ मध्ये स्थापन केलेल्या वास्तुशिल्प प्रतिष्ठानाकडे आराखडा आला. त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम इंदूरच्या झोपडवस्त्या पायाखाली घातल्या. झोपडीतला माणूस राहतो कसा, याची मापे त्यांनी घेतली. ओट्यावर कोण बसते, शिवणयंत्र कोठे ठेवतात, दारातले छोटे दुकान रस्त्यात किती सरकते, झाडाच्या सावलीत दुपारी कोण असते, बायका नळावर किती वेळ थांबतात. घर चार भिंतींच्या आत संपत नाही, निम्मा संसार उंबऱ्याबाहेर चालतो, हे त्या पाहणीत दिसले.

मग जे ठरले ते हिशेब जाणणाऱ्या वाचकांनी नीट समजून घ्यावे असे आहे. गरिबाला पूर्ण घर बांधून देण्याइतका पैसा कोणत्याही सरकारजवळ नसतो, आणि कर्ज काढून पूर्ण घर घेण्याइतके उत्पन्न त्या गरिबाजवळ नसते. या दोन ‘नाही’च्या मध्ये सारे प्रश्न अडून राहतात. अरण्यमध्ये गरीब कुटुंबाला मिळणार होता ३५ चौरस मीटरचा भूखंड, त्याच्या हक्काचा कागद, एक जोते, आणि त्या जोत्यावर संडास, नळ व मोरी. ज्याला झेपेल त्याने एक खोलीही घ्यावी. बाकी भिंती, छप्पर, दुसरी खोली, जिना, माडी हे त्याने आपल्या सवडीने, मिळेल त्या विटेने आणि दगडाने उभे करावे. आरंभीची रक्कम कुटुंबाच्या सरासरी उत्पन्नावरून ठरवलेली, उरलेली मासिक हप्त्यांनी. जी गोष्ट माणूस एकट्याच्या बळावर कधीच करू शकत नाही, म्हणजे जमिनीचा हक्क, पाणी आणि मैला वाहून नेणारी नळी, ती आधी द्यावयाची; जी तो हळूहळू करू शकतो ती त्याच्यावर सोडावयाची. घरे पाठीला पाठ लावून ठेवल्याने नळ आणि गटारांच्या लांबीत बचत झाली.

कर्ज देणाऱ्याची नजर नेहमी पुऱ्या झालेल्या इमारतीवर असते. नकाशा मंजूर असावा, छत पडलेले असावे, पूर्णत्वाचा दाखला असावा. त्याशिवाय तारण कच्चे. हा नियम चुकीचा नाही, ठेवीदारांच्या पैशाची राखण त्याखेरीज होत नाही. पण रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचे घर कधीच पुरे होत नसल्याने तो या नियमाच्या बाहेरच राहतो. अरण्यमध्ये अपुरे घर हीच मान्य केलेली वस्तू होती, आणि यातच या योजनेचे धाडस होते.

पैशाचा मेळही विचारपूर्वक घातला होता. भूखंड ३५ चौरस मीटरपासून ४७५ चौरस मीटरपर्यंतचे. मोठे भूखंड हमरस्त्यालगत, जेथे भाव अधिक येतो. त्या विक्रीतून आलेला नफा आतल्या लहान भूखंडांचा भार हलका करणार. एका मालावर मिळालेल्या नफ्यातून दुसरा माल पडत्या भावाने देणे व्यापाऱ्याला नवे नाही. नवे एवढेच की येथे तो दुसरा माल म्हणजे गरिबाचे छप्पर होते. कसे बांधता येईल हे लोकांना दिसावे म्हणून दोशींनी ८० नमुना घरे बांधून दाखवली. कोठे ओटा, कोठे बाहेरून जिना, कोठे छोटी गच्ची. मग लोकांनी आपापली निवड केली. सहा विभागांत मिळून साडेसहा हजारांवर घरे आणि ८०,००० माणसे सामावतील अशी ही वसाहत. १९९५ मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

सारेच मनासारखे झाले असे मात्र म्हणता येणार नाही. आरंभी वसाहत भरण्यास वेळ लागला. ज्यांच्यासाठी भूखंड आखले त्यांतील अनेकांनी पुढे भाव चढल्यावर ते विकले, आणि त्यांच्या जागी बऱ्या स्थितीतली कुटुंबे आली. योजना फसली असे म्हणण्यासाठी टीकाकार याकडे बोट दाखवतात. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. तथापि, भूखंड विकून ज्याने मुलीचे लग्न केले किंवा दुकान घातले त्याच्या हाती आयुष्यात प्रथमच विकण्याजोगी मालमत्ता आली होती, हेही दुसऱ्या बाजूला मांडावयास हवे. वजाबाकी केल्यावर शिल्लक काय राहते, यावर दोन प्रामाणिक माणसांची मते वेगळी असू शकतात.

दोशींच्या हातून चुका झाल्या नाहीत असेही नाही. अहमदाबादच्या भद्र भागातील प्रेमाभाई हॉल हे त्यांचे मोठे काम कित्येक वर्षे बंद पडून आहे. त्या अवजड काँक्रीटच्या वास्तूविषयी शहराला कधी फारशी आपुलकी वाटली नाही. उलट १९८० मध्ये बांधलेले त्यांचे स्वतःचे कार्यालय ‘संगाथ’ म्हणजे सौम्यतेचा नमुना. अर्धे जमिनीत रुतलेले, वर पांढऱ्या फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेली कमानदार छपरे, त्यांवरून ओघळणारे पाणी खालच्या पाटांतून हिरवळीकडे जाते. गुजरातच्या उन्हात ते तुकडे उन्हाला परत पाठवतात आणि आत गारवा राहतो. टाकाऊ चिनीमातीने छत मढवण्याची रीत आपल्याकडच्या गच्च्यांवरही होती; दोशींनी तिला दर्शनी जागा दिली. बंगलोरच्या प्रबंध संस्थेचे वेलींनी झाकलेले दगडी मार्ग आणि चित्रकार हुसेन यांच्यासह केलेली अहमदाबादची भूमिगत गुफा यांविषयी येथे विस्ताराने लिहिणे शक्य नाही.

पत्नीच्या नावाने बांधलेले ‘कमला हाउस’ हे त्यांचे स्वतःचे घर मध्यम आकाराचे, उघड्या विटांचे आणि साधे होते. त्यातही त्यांनी पुढे भर घातली. तिन्ही मुली तेथेच वाढल्या. नात खुशनू याच व्यवसायात आली आणि ‘संगाथ’मध्ये आजोबांसोबत काम करू लागली. १९७६ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये नव्वदी उलटल्यावर प्रित्झकर, २०२० मध्ये पद्मभूषण, २०२२ मध्ये ब्रिटनच्या वास्तुकारांच्या संस्थेचे शाही सुवर्णपदक, असे सन्मान येत राहिले. २४ जानेवारी २०२३ रोजी अहमदाबादेत, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी पद्मविभूषण पुरस्कारांची यादी जाहीर झाली आणि तीत त्यांचे नाव होते.

अरण्यमध्ये त्यांनी आखून दिलेले एका खोलीचे घर आज मुद्दाम शोधावे लागते. जोत्यावर भिंती आल्या, भिंतींवर स्लॅब पडला, बाहेरून जिना चढला, खाली दुकान आणि वर माडी झाली.